सरासरी पाऊस आणि बदलते हवामान : राहुरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

राहुरी तालुक्याच्या पावसाविषयी माहिती विचारली असता उत्तर बहुधा एकाच आकड्यात मिळते : वार्षिक सरासरी सुमारे ५२० मिलिमीटर. कृषिविषयक पुस्तिका, पाणलोट विकासाचे आराखडे, सिंचन प्रकल्पांचे अहवाल आणि महाविद्यालयीन प्रबंध या सर्वांची सुरुवात अशाच एखाद्या आकड्याने होते. पेरणीची तारीख, धरणातील पाण्याचे नियोजन, विम्याची भरपाई आणि दुष्काळाची घोषणा हे निर्णयही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे सरासरीशीच जोडलेले असतात. भूतकाळातील सरासरी ही भविष्याची विश्वासार्ह मार्गदर्शक आहे, हे या सर्व व्यवस्थेचे गृहीतक होय. हवामानबदलामुळे नेमके हेच गृहीतक डळमळीत झाले आहे.

हवामानबदलाची चर्चा सामान्यतः वितळणाऱ्या हिमनद्या, बुडणारी बेटे आणि वाढते तापमान या भोवती फिरते. पर्जन्यछायेतील तालुक्याला हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात भेटतो. तेथे वर्षाचा एकूण पाऊस कागदावर जवळपास तेवढाच राहू शकतो. तो केव्हा, किती दिवसांत आणि किती जोराने पडतो हे मात्र बदलते. भारताच्या हवामानात होत असलेले बदल, त्यांचे परिसंस्थांवर व निरनिराळ्या प्रदेशांवर होणारे परिणाम आणि या संदर्भात राहुरी परिसराची स्थिती यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हवामान, हवामानबदल आणि सरासरीची संकल्पना

एखाद्या दिवसाची वा आठवड्याची वातावरणीय स्थिती म्हणजे हवा, तर दीर्घ कालावधीतील तिचे सर्वसाधारण स्वरूप म्हणजे हवामान. जागतिक हवामानशास्त्र संघटनेने त्यासाठी तीस वर्षांचा कालखंड प्रमाण मानला आहे. भारतीय हवामान विभाग नैर्ऋत्य मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी काढताना पन्नास वर्षांची आकडेवारी वापरतो. १९५१ ते २००० या कालखंडावर आधारित देशाची ही सरासरी ८९ सेंटिमीटर होती. १९६१ ते २०१० या कालखंडासाठी ती ८८ आणि १९७१ ते २०२० या कालखंडासाठी ८७ सेंटिमीटर निघाली. ही घट पावसाच्या नैसर्गिक आर्द्र व शुष्क पर्वांशी निगडित असल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले आहे. म्हणजेच तिचा संपूर्ण भार हवामानबदलावर टाकता येत नाही. तथापि, सरासरी ही स्थिर नसून निवडलेल्या कालखंडानुसार सरकणारी राशी आहे, एवढे यावरून निश्चितच ध्यानात येते.

मानवनिर्मित हवामानबदलाचे मूळ कारण आता निर्विवाद आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० भागांच्या वर गेले आहे. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या सहाव्या मूल्यांकन अहवालानुसार १८५०–१९०० च्या तुलनेत २०११–२०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. तापमान एक अंशाने वाढल्यास हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. या एका भौतिक नियमातून दोन परस्परविरोधी भासणारे परिणाम संभवतात. तापलेली हवा जमिनीतील व पिकांतील ओलावा अधिक वेगाने शोषून घेते, म्हणून कोरडे खंड अधिक तीव्र होतात. त्याच हवेत साठलेले अधिक बाष्प अनुकूल स्थिती येताच एकदम कोसळते, म्हणून अतिवृष्टी वाढते. दुष्काळ आणि महापूर यांची वाढ एकाच वेळी कशी होऊ शकते, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

राष्ट्रीय पातळीवरील चित्र

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचे मूल्यांकन प्रसिद्ध केले. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा त्यात प्रमुख सहभाग होता. या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात जून ते सप्टेंबरमधील पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. मात्र याच सुमारास, १९५० ते २०१५ दरम्यान, मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस होण्याच्या घटनांची वारंवारता सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. १९५१–१९८० च्या तुलनेत १९८१–२०११ या काळात पावसाळ्यातील कोरडे खंड २७ टक्क्यांनी अधिक वेळा आले. एकूण पाऊस घटत असताना अतिवृष्टीही वाढावी आणि खंडही वाढावेत, हे मोसमी पावसाचे बदलते स्वरूप होय.

देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांत या बदलाची रूपे निरनिराळी आहेत. हिंदुकुश-हिमालयात १९५१ ते २०१४ दरम्यान तापमान सुमारे १.३ अंशाने वाढले असून तेथील हिमनद्यांचा संकोच होत आहे. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात दरवर्षी सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. सुंदरबनसारख्या सखल खारफुटी प्रदेशाला त्याचा प्रत्यक्ष धोका आहे. उष्णदेशीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ दरम्यान सुमारे १ अंशाने वाढले. लक्षद्वीपमधील प्रवाळांचे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले, ते समुद्राच्या याच तापण्याशी संबंधित आहे. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे केरळने ऑगस्ट २०१८ मध्ये महापूर आणि जुलै २०२४ मध्ये वायनाडची दरड अनुभवली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अरबी समुद्राचे तापणे विशेष महत्त्वाचे आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. कोकणात त्याने मोठी हानी केली. परंतु त्याचा प्रभाव तेथेच थांबला नाही. घाट ओलांडून पुणे, नाशिक व अहमदनगर जिल्ह्यांतही वारा-पावसाने नुकसान झाले. किनाऱ्यापासून दूर असलेला पठारी प्रदेश समुद्रातील बदलांपासून सुरक्षित आहे, हा समज अशा घटनांमुळे तपासून पाहावा लागतो.

राहुरीचे भौगोलिक स्थान

पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. त्याच्या चौदा तालुक्यांपैकी राहुरी हा मुळा व प्रवरा या नद्यांच्या सान्निध्यातील तालुका. मुळा नदी अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावते, राहुरी तालुक्यातून वाहत पुढे प्रवरेला मिळते आणि प्रवरा प्रवरासंगम येथे गोदावरीत विलीन होते. हरिश्चंद्रगड आणि राहुरी जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. दोहोंमधील सरळ अंतर सुमारे ९० किलोमीटर. तथापि, सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळत असताना राहुरीत तो जेमतेम पाचशेच्या घरात राहतो. मोसमी वारे सह्याद्री चढताना आपले बहुतांश बाष्प गमावतात आणि पूर्वेकडे उतरताना कोरडे होतात. राहुरीचा समावेश म्हणूनच अवर्षणप्रवण विभागात होतो.

या विषमतेवर माणसाने शोधलेला उपाय म्हणजे धरणे. प्रवरेवर भंडारदरा येथे १९२६ मध्ये धरण पूर्ण झाले. राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथे मुळा धरण उभे राहिले. त्याची क्षमता २६ अब्ज घनफूट म्हणजे २६ टीएमसी आहे. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी राहुरीबरोबरच नेवासा, शेवगाव व पाथर्डी या तालुक्यांना मिळते. अशा रीतीने राहुरीची शेती दोन पावसांवर अवलंबून आहे : एक स्वतःच्या शेतावर पडणारा आणि दुसरा ९० किलोमीटर दूर, सह्याद्रीत पडणारा. या दोहोंपैकी एकाचे गणित बिघडले तरी तालुक्याचे वर्ष बिघडते.

याच भूमीवर १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मुख्यालय आहे. पश्चिम महाराष्ट्र व खानदेशातील दहा जिल्ह्यांचे कृषी संशोधन येथून चालते. त्यामुळे हवामानबदलाचा अभ्यास करण्यासाठी राहुरी हे प्रश्नाचे आणि प्रयोगाचे असे दोन्ही प्रकारचे स्थान ठरते.

पावसाच्या वितरणाचा प्रश्न

सरासरी काय लपवते हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन वर्षांत प्रत्येकी ५०० मिलिमीटर पाऊस झाला असे समजू. पहिल्या वर्षी तो चाळीस पावसाळी दिवसांत विभागून पडला. दुसऱ्या वर्षी त्यातील २५० मिलिमीटर पाऊस केवळ चार दिवसांत पडला आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाच आठवड्यांचा खंड पडला. नोंदवहीत दोन्ही वर्षे सारखीच दिसतील. शेतात मात्र पहिल्या वर्षी बाजरी पिकेल, विहिरींना पाणी उतरेल. दुसऱ्या वर्षी बाजरी करपेल, माती वाहून जाईल आणि भूजल फारसे भरणार नाही. कारण जमिनीत पाणी मुरण्याच्या वेगाला मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडचा पाऊस ओढ्यानाल्यांतून निघून जातो.

पावसाच्या कालगणनेतही बदल दिसून येतो. महाराष्ट्रातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नक्षत्रांच्या आधारे पावसाचा हिशेब ठेवत आला आहे. मृगात पेरणी, मघा-पूर्वांत पिकांची वाढ आणि हस्ताच्या पावसावर रब्बीची भिस्त, असा हा क्रम. शासकीय पातळीवर हवामान विभागानेही १९०१ ते १९४० च्या नोंदींवर आधारित मोसमी पावसाच्या आगमन-निर्गमनाच्या तारखा दीर्घकाळ प्रमाण मानल्या होत्या. २०२० मध्ये त्या बदलण्यात आल्या. केरळमधील आगमनाची तारीख १ जून हीच राहिली. परंतु वायव्य भारतातून पाऊस परतू लागण्याची तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर झाली. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. पावसाळा पुढे सरकल्याची ही अधिकृत नोंदच होय.

अलीकडची काही वर्षे या अनिश्चिततेची साक्ष देतात. २०१२-१३, २०१५-१६ व २०१८-१९ ही राज्यासाठी टंचाईची वर्षे ठरली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपले. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीला आलेली पिके अवकाळी पावसात भिजली. २०२३ चा ऑगस्ट हा देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ मध्ये मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी व मुंबईत २६ मे रोजी पोहोचला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये एरवी कोरड्या असणाऱ्या सीना नदीला अहिल्यानगर व सोलापूर जिल्ह्यांत महापूर आला. यांतील प्रत्येक घटना हवामानबदलामुळेच घडली असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य होणार नाही. १८७६–७८ चा भीषण दुष्काळ किंवा १९७२ चा दुष्काळ हे या प्रदेशाने त्यापूर्वीच पाहिले आहेत आणि प्रशांत महासागरातील एल निनोसारखे नैसर्गिक घटकही कार्यरत असतात. मात्र तापलेल्या वातावरणात अशा टोकाच्या घटनांची शक्यता वाढते, हा निष्कर्ष आता भक्कम पुराव्यावर उभा आहे.

पीकपद्धती व पशुधनावरील परिणाम

रब्बी ज्वारी हे या भागाचे प्रमुख अन्नधान्य व कडब्याचा आधार. तिची पेरणी सामान्यतः १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात शिफारस केली जाते. पावसाळ्याने काळ्या जमिनीत साठवलेल्या ओलाव्यावर हे पीक येते. सप्टेंबरअखेर पाऊस लांबला तर जमिनीस वाफसा येत नाही व पेरणी पुढे जाते. पाऊस लवकर थांबला तर ओल उडून जाते. दोन्ही प्रकारे पेरणीचा योग्य काळ आक्रसतो. खरिपातील बाजरीची अडचण वेगळी आहे. ऑगस्टमधील खंडाने तिचे दाणे भरत नाहीत आणि काढणीच्या वेळचा पाऊस उभ्या कणसांतील दाणे काळे पाडतो.

कांद्याला रोपवाटिकेपासून चाळीपर्यंत हवेचा धोका असतो. ऑक्टोबरच्या पावसात रोपे सडतात, ढगाळ दमट हवेत करपा वाढतो आणि काढणीच्या वेळची गारपीट वा अवकाळी पाऊस कांद्याची साठवणक्षमता घटवतो. डाळिंब हे कोरड्या हवेचे फळपीक म्हणून या भागात रुजले. विद्यापीठाने विकसित केलेल्या 'भगवा' वाणाने त्याला मोठी बाजारपेठ मिळवून दिली. परंतु दमट हवामानात तेल्या रोग झपाट्याने पसरतो आणि ओलाव्यातील अचानक चढउतारांमुळे फळे तडकतात. मृग, हस्त आणि आंबे यांपैकी कोणता बहार धरावा हा निर्णय त्यामुळे अधिकाधिक जोखमीचा होत आहे.

गहू व हरभरा या पिकांना दाणे भरताना थंडी हवी असते. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचे उत्पादन अपेक्षेहून घटले आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र शासनाने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. तापमानातील काही अंशांचा फरक स्थानिक शेतातून राष्ट्रीय धोरणापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

उसाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. त्याला वर्षभरात सुमारे २००० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाणी लागते, म्हणजे राहुरीच्या वार्षिक पावसाच्या जवळपास चौपट. हे पाणी सह्याद्रीतून कालव्याने अथवा जमिनीखालून विहिरीने येते. कालव्याच्या अतिवापराने मुळा व प्रवरा लाभक्षेत्रांतील काही जमिनी क्षारपड व चोपण झाल्या आहेत. तापमानवाढीने बाष्पीभवन वाढल्यास क्षार पृष्ठभागावर येण्याची प्रक्रिया आणखी वेग घेऊ शकते. उसावरील हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर जमिनीतून बाहेर येऊन कडुनिंब, बाभळीवर जमतात. त्यांचे सामुदायिक नियंत्रण याच वेळी करावे लागते. हा पाऊस कधी मेमध्ये, कधी जूनच्या अखेरीस होऊ लागला, तर मोहिमेची वेळ साधणेही कठीण होते.

दूध व्यवसाय हा कोरडवाहू कुटुंबांचा दैनंदिन आधार. तापमान-आर्द्रता निर्देशांक ७२ च्या पुढे गेल्यास संकरित गाईंवर उष्णतेचा ताण जाणवू लागतो, त्यांचे खाणे कमी होते व दूध घटते. दुष्काळात चारा महागतो आणि उन्हाळ्यात दूध घटते, असा दुहेरी मार या कुटुंबांना बसतो. त्याचा मोठा भाग गोठ्याची कामे सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांवर पडतो, याची नोंद आर्थिक आकडेवारीत क्वचितच होते.

परिसंस्थांवरील परिणाम

अहिल्यानगर जिल्ह्यात दोन टोकाच्या परिसंस्था आहेत. पश्चिमेस कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची सदाहरित व निमसदाहरित जंगले, तर दक्षिणेस कर्जत-श्रीगोंद्याकडील माळरान. जंगलाची माती पाऊस शोषून घेते व झऱ्यांच्या रूपाने तो हळूहळू सोडते. पाऊस थोड्या दिवसांत एकवटल्यास आणि डोंगरउतारावरील आच्छादन विरळ झाल्यास हेच पाणी गाळासह वेगाने धरणात येते. उगमाकडील जंगलाचे रक्षण हा म्हणूनच राहुरीच्या पाण्याचाही प्रश्न आहे.

माळरान हे अनेकदा 'पडीक' म्हणून गणले जाते. प्रत्यक्षात ती स्वतंत्र परिसंस्था आहे. रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले, तर सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्य १९७९ चे. माळढोक या भागातून जवळपास दिसेनासा झाला, त्याला प्रामुख्याने अधिवासाचा ऱ्हास कारणीभूत आहे. हवामानबदल हे अशा आधीच दुबळ्या झालेल्या परिसंस्थेवरील अतिरिक्त ओझे होय. गवताची वाढ पहिल्या पावसांच्या नियमिततेवर अवलंबून असते. ती चुकल्यास काळविटे आणि मेंढपाळांचे कळप दोघांनाही चारा उरत नाही.

पाणीवाटप आणि प्रादेशिक तणाव

हवामानबदलाचा सर्वांत अवघड परिणाम शेतात नव्हे, तर पाणीवाटपाच्या बैठकीत दिसतो. मुळा-प्रवरेचे पाणी पुढे गोदावरीतून पैठणच्या जायकवाडी धरणात जाते, ज्यावर मराठवाड्याची तहान व शेती अवलंबून आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ नुसार तुटीच्या वर्षी खोऱ्यातील सर्व जलाशयांत समन्यायी पाणीवाटप अपेक्षित आहे. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्यासाठी सूत्र सुचविले आणि प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने त्यास आधार मिळाला. जायकवाडीतील उपयुक्त साठा १५ ऑक्टोबर रोजी ६५ टक्क्यांहून कमी असल्यास ऊर्ध्व भागातील धरणांतून पाणी सोडावे, हा त्यातील मध्यवर्ती निकष होता. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस एकूण सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात मुळा समूहाचा वाटा २.१ टीएमसी होता.

अशा प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंचे शेतकरी रस्त्यावर येतात आणि प्रश्न 'आमचे पाणी, त्यांचे पाणी' या भाषेत मांडला जातो. दोन्ही बाजूंची गरज खरी आहे. वादाच्या मुळाशी आणखी एक बाब आहे, तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. सिंचनाच्या वर्षात खरीप १४ ऑक्टोबरला संपतो व रब्बी १५ ऑक्टोबरला सुरू होतो. कालवा सल्लागार समितीच्या बैठका, नमुना ७ चे पाणी अर्ज, आवर्तनांची संख्या आणि शेजपाळी हे सारे या दिवशीच्या साठ्यावर ठरते. पावसाळा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळू लागला असेल आणि जायकवाडीचा साठा कधी एकाच आठवड्याच्या पुराने वाढत असेल, तर ठरावीक तारखेच्या साठ्याला पूर्वीइतका अर्थ उरत नाही. वाटपाचे तत्त्व न्याय्य असले तरी त्याचे मोजमाप जुन्या हवामानावर बेतलेले असल्यास दोन्ही प्रदेशांना अन्याय झाल्याची भावना होते.

अनुकूलनाचे प्रयत्न

केंद्र शासनाने ३० जून २००८ रोजी हवामानबदलावरील राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०११ मध्ये हवामान-अनुकूल शेतीसाठी देशव्यापी उपक्रम सुरू केला. राहुरी विद्यापीठातही हवामान-अद्ययावत शेती व पाणी व्यवस्थापन या विषयाचे प्रगत केंद्र राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पांतर्गत स्थापन झाले. पिकाला केव्हा व किती पाणी द्यावे याचा सल्ला देणारी संगणकीय साधने येथे विकसित झाली आहेत.

वाणसंशोधनाची दिशाही लक्षणीय आहे. रब्बी ज्वारीसाठी विद्यापीठाने एकच सर्वश्रेष्ठ वाण देण्याऐवजी जमिनीच्या खोलीनुसार वाण दिले : हलक्या जमिनीस 'फुले अनुराधा', मध्यम जमिनीस 'फुले सुचित्रा', भारी जमिनीस 'फुले वसुधा' आणि बागायतीस 'फुले रेवती'. पाडेगाव केंद्राचा ऊस वाण 'फुले २६५' क्षारयुक्त जमिनीतही तग धरतो. सरासरी शेत असे काही नसते, ही जाणीव या कामामागे आहे.

सामाजिक पातळीवर नगर तालुक्यातील हिवरे बाजारचा अनुभव मोलाचा आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकापासून या गावाने पाणलोटाची कामे केली. मात्र त्याचे वैशिष्ट्य केवळ बंधाऱ्यांत नाही. गावात दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यानुसार पिके ठरतात. सिंचनासाठी विंधनविहिरी घेण्यावर आणि उसासारख्या पिकावर गावाने स्वतःच बंधन घातले. येथे नियोजनाचा आधार अनेक वर्षांची सरासरी हा नसून त्या वर्षाचा प्रत्यक्ष पाऊस हा आहे. हवामानबदलाची चर्चा सर्वत्र सुरू होण्यापूर्वीच एका अवर्षणग्रस्त गावाने अनिश्चिततेशी जुळवून घेण्याची ही पद्धत शोधली होती.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, राहुरीसारख्या पर्जन्यछायेतील प्रदेशात हवामानबदलाचा पहिला आघात पावसाच्या एकूण प्रमाणावर नव्हे, तर त्याच्या विश्वासार्हतेवर होतो. पेरणीचे वेळापत्रक, कालव्याची आवर्तने, विम्याचे निकष आणि प्रदेशांमधील पाणीवाटप या सर्व व्यवस्था एका स्थिर सरासरीवर उभ्या आहेत. ती सरासरी सरकत असताना व तिच्याभोवतीचे चढउतार वाढत असताना या व्यवस्थांचे निकष ठरावीक काळाने नव्याने तपासले जाणे आवश्यक आहे. हवामान विभागाने २०२० मध्ये पावसाच्या तारखा बदलल्या. पाण्याच्या व पिकांच्या तारखांचाही तसाच पुनर्विचार व्हावा लागेल.

या कामी महाविद्यालयांना निश्चित भूमिका आहे. पर्जन्यमापक बसवून दैनंदिन नोंदी ठेवणे, पावसाळी दिवस व खंड यांची गणना करणे, परिसरातील विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजणे आणि एखाद्या गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडणे ही कामे भूगोल, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र व राष्ट्रीय सेवा योजना या विभागांना अल्प खर्चात करता येण्याजोगी आहेत. तीस वर्षांचे हवामान जाणून घेण्यासाठी तीस वर्षे सलग नोंदी लागतात आणि एवढा काळ टिकणाऱ्या संस्था ग्रामीण भागात फार थोड्या असतात. महाविद्यालय ही त्यांपैकी एक होय. आज सुरू केलेली नोंदवही त्या तालुक्यातील पुढच्या पिढीला पेरणीचा आणि पाणीवाटपाचा निर्णय घेताना उपयोगी पडेल.